कटआउट बाहेर काढला : घरी बांधलेल्या विमानातल्या अल्टरनेटरचं प्रकरण

शनिवारची दुपार, मिशिगनमधलं निरभ्र आकाश, उंची साडेतीन हजार फूट. एरवी १४.३ वर स्थिर असणारा व्होल्टेजचा आकडा १५.१ झाला. विमानाच्या मालकाला वाटलं, मीटर वेडावला असेल. मिनिटभरात १६.४. पडद्यावर लाल पट्टी आली. त्याने अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा, स्विच खाली केला. काहीच झालं नाही. पुन्हा वर, पुन्हा खाली. आकडा १६.८.

त्याने दिवे लावले. लँडिंगचे दोन्ही हॅलोजन, पिटो हीटर (वेग मोजणाऱ्या नळीचा), जे जे अँपिअर खातं ते सगळं. आकडा चढायचा थांबला, पण उतरला नाही. बारा मिनिटांनी धावपट्टीवर उतरून इंजिन बंद केलं तेव्हा कुठे तो खाली आला. बॅटरी फुगली होती आणि केबिनमध्ये सडक्या अंड्यासारखा वास होता. एक हॅलोजन गेला, फोनचा स्वस्तातला चार्जर जळाला. मुख्य पडदे आणि रेडिओ वाचले, कारण ते ३० व्होल्टपर्यंत सोसणारे होते.

मालक म्हणजे माझा शेजारी, टूल-रूममधून निवृत्त झालेला. सात वर्षं गॅरेजमध्ये रिव्हेट ठोकून त्याने दोन आसनांचं आरव्ही-६ बांधलं. मी डेट्रॉइटच्या बाजूला गाड्यांच्या विजेच्या भागांच्या चाचण्या घेतो. नोकरी तीच आणि घराणंही तेच. आप्पांचं कोल्हापुरात उद्यमनगरमध्ये ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. त्यामुळे सोमवारी संध्याकाळी तो अल्टरनेटर काढून माझ्या टेबलावर आला, यात नवल काही नाही.

गाडीचा भाग विमानात कसा?

अमेरिकेत हौशी माणसाने निम्म्याहून जास्त काम स्वतः करून बांधलेलं विमान प्रायोगिक वर्गात नोंदवता येतं. अशा विमानात लावलेल्या प्रत्येक भागाला वेगळी सरकारी मान्यता लागत नाही. निर्णय बांधणाऱ्याचा, जबाबदारीही त्याचीच. ही परंपरा जुनी आहे. १९२९ मध्ये मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह गावात बर्नार्ड पीटनपोलने फोर्ड मॉडेल ए गाडीचं अख्खं इंजिनच विमानाला लावून उडवलं होतं. त्यापुढे अल्टरनेटर म्हणजे किरकोळच. गंमत अशी की कारखान्यातून मान्यता घेऊन बाहेर पडलेल्या जुन्या सेसना विमानांतही फोर्डचाच अल्टरनेटर असायचा, फक्त कागद वेगळे आणि किंमत वेगळी.

शेजाऱ्याचं इंजिन लायकॉमिंग ओ-३२०, १६० अश्वशक्तीचं. त्यावर त्याने एका छोट्या जपानी गाडीचा ६० अँपिअरचा, दुरुस्त करून विकलेला अल्टरनेटर बसवला होता. वजन तीन किलोच्या आसपास. मान्यताप्राप्त जुना अल्टरनेटर पाच किलोच्या घरात जातो आणि खिसाही चांगलाच हलका करतो. ६२ तास उड्डाण झालं, तोवर तक्रार नव्हती.

गाडीचा अल्टरनेटर विमानात लावू नये, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझं मत उलट आहे. यंत्र म्हणून तो उत्तम असतो. लाखोंनी बनतो, मीठ-पाणी, चिखल, उणे तीसची थंडी सगळं सोसून दीड लाख किलोमीटर चालतो. अडचण त्याच्या पोटात गृहीत धरलेल्या एका गोष्टीची आहे : धावत्या गाडीत त्याला बंद करायची वेळ कोणावरही येत नाही.

उघडल्यावर काय दिसलं

मागचं झाकण काढलं. आत डायोड प्लेट, फिरत्या चुंबकाला, म्हणजे रोटरला, वीज पोचवणाऱ्या कार्बनचा होल्डर आणि त्याला चिकटून व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर. आमच्या दुकानात याला कधी कोणी रेग्युलेटर म्हटलं नाही, तो ‘कटआउट’च. नाव जुन्या डायनॅमोच्या काळातलं, काम बदललं तरी चिकटून राहिलेलं. मल्टिमीटर लावला. कटआउटमधला शेवटचा ट्रान्झिस्टर आरपार शॉर्ट होता.

आता स्विच का चालला नाही ते सांगतो, कारण प्रकरणाची गाठ इथे आहे. या प्रकारच्या अल्टरनेटरमध्ये दोन कार्बनपैकी एक आतल्या आत थेट बी-प्लसला, म्हणजे स्वतःच्याच आउटपुटला बांधलेला असतो. दुसरा कार्बन कटआउटमधून अर्थला जातो. कटआउट हा अर्थचा रस्ता क्षणाक्षणाला उघड-बंद करून रोटरचा करंट सांभाळतो. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की रस्ता कायमचा उघडा. रोटरला पूर्ण करंट, आउटपुट पूर्ण, व्होल्टेज जाईल तिथवर. आणि या वर्तुळात डॅशबोर्डवरच्या स्विचची वायर कुठेच नाही. ती कटआउटला फक्त ‘चालू हो’ असा इशारा देते. ऐकणाराच मेला, तर इशारा बंद करून काय होणार?

शेजाऱ्याने विचारलं, मी बॅटरी तोडणारा मास्टर स्विच पाडायला हवा होता का? पाडला नाही हे त्याचं नशीब. मास्टर पाडला असता तर बॅटरी सुटली असती आणि बेफाम अल्टरनेटर बसबारवर (सगळ्या उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्टीवर) एकटा उरला असता. बॅटरी हा अशा वेळी मोठा स्पंज असतो, जादाचा करंट पिऊन व्होल्टेज दाबून ठेवते. स्पंज काढला की ३० व्होल्ट सोसणारे पडदेही गेले असते. दिवे लावायची त्याची बुद्धी मात्र लाखमोलाची. ३० अँपिअरची जादा भूक लावून त्याने बॅटरीच्या वाट्याचा करंट कमी केला.

ट्रान्झिस्टर कशाने मेला? माझा संशय उष्णतेवर आहे, आणि त्याला कारणं दोन.

पहिलं, वेग. लायकॉमिंगच्या स्टार्टर रिंगवरची पुली पावणेदहा इंच व्यासाची. अल्टरनेटरवर गाडीचीच अडीच इंची पुली ठेवली होती. म्हणजे ३.९ पट. इंजिन २४०० फेऱ्यांवर असताना रोटर मिनिटाला ९,३६० फेऱ्या घेत होता आणि तेही तासन्‌तास. हा आकडा ऐकून लोक दचकतात, पण गाडीचे अल्टरनेटर १५ ते १८ हजार फेऱ्या सहज घेतात. फुटायची भीती नव्हती. मात्र गाडीत एवढा वेग क्षणभर असतो, रोजचा चालू वेग सहा हजारांच्या आसपास.

दुसरं, दिशा. बहुतेक गाड्यांत अल्टरनेटर पुलीकडून बघितल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरतो. लायकॉमिंगवर तो उलटा फिरतो. विजेला याचं सोयरसुतक नाही, तीन फेज डायोडमधून जाऊन सरळच होतात. फरक पंख्याला पडतो. त्याची पाती एका दिशेला कललेली असतात. उलटी फिरली तर हवा ओढतात, पण कमी. त्यात कटआउट मागच्या बाजूला, इंजिनच्या गरम अंगाकडे तोंड करून, आणि त्याच्यावर वाऱ्याची नळी नाही. शिवाय दुरुस्त केलेला माल, आत मूळ बनावटीचा कटआउट नव्हता हे खोक्यावरूनच कळत होतं.

तीन वाटा

नवा तसाच अल्टरनेटर लावून पुढे जायचं, ही पहिली. शेजारी याला तयार होता. मी नव्हतो.

दुसरी वाट बऱ्याच जणांनी घेतलेली आहे : अल्टरनेटर आहे तसा ठेवायचा, पण त्याच्या जाड आउटपुट वायरमध्ये एक मोठा काँटॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा जाड स्विच, टाकायचा. व्होल्टेज वाढलं की काँटॅक्टर उघडतो, अल्टरनेटर तुटतो. कागदावर छान. पण ४० अँपिअर वाहत असताना ती वायर एकदम तोडली तर रोटरमधलं चुंबकत्व क्षणात मरत नाही. आउटपुट उसळतं. अशाच उसळीच्या चाचण्या मी नोकरीत घेतो. त्या चाचण्यांत १२ व्होल्टच्या गाडीसाठी धरलेला विनालगाम धक्का ८० ते १०० व्होल्टचा असतो, ४० ते ४०० मिलिसेकंदांचा. त्यात पहिला बळी आतल्या कटआउटचाच जाऊ शकतो. म्हणजे वैमानिकाने एकदा उगाच स्विच खालीवर केला की चांगला अल्टरनेटर मारला. ज्या स्विचला हात लावायची भीती वाटते तो स्विच कशाला ठेवायचा?

तिसरी वाट आप्पांनी सांगितली. रविवारी फोनवर त्यांना सगळं वर्णन केलं. आधी त्यांना ‘घरी बांधलेलं विमान’ हेच पचेना. “म्हंजे ते कांदिवलीचं यादव, गच्चीवर इमान बांधलं त्यांच्यावाणी?” होय, तसंच, म्हटलं. अमोल यादवांच्या विमानाची २०१७ मध्ये डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाकडे नोंदणी झाली तेव्हा आप्पांनी पेपरातलं कात्रण मला फोटो काढून पाठवलं होतं.

“मग कटआउट भाईर काढ की लेका. ट्रकला काय करत हुतो आपण?”

“आप्पा, पण तुम्ही ज्यांचा काढत होता त्यांचा मुळातच बाहेर असायचा.”

“ज्याचा आत जळायचा त्याचाबी भाईर काढायचो. गिऱ्हाइकाला चार महिन्यानं परत यायला नको म्हणून. एक कार्बन अर्थ कर, दुसऱ्याची वायर भाईर आण. इसरू नको, त्यो बी-प्लसचा तुकडा आधी काप.”

शेवटचं वाक्य सोन्याचं. बी-प्लसला जाणारी आतली पट्टी तशीच ठेवून कोणी बाहेरचा कटआउट जोडला तर रोटरला कायमचा पुरवठा मिळत राहतो, म्हणजे आपण मुद्दाम तोच बिघाड तयार करून विमानात बसवतो.

काम

नवा अल्टरनेटर घेतला, यावेळी मूळ बनावटीचा. मागचं झाकण, कटआउट काढला. कार्बनचा होल्डर ठेवला. बी-प्लसची पट्टी कापून टोक घासलं आणि त्यावर इपॉक्सी भरलं. एक कार्बन बॉडीला बांधला, दुसऱ्याची वायर रबरी ग्रोमेटमधून बाहेर काढून थिंबलवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या टोपीवर) आणली. स्लिप रिंगांवर मोजलं : ३.६ ओहम. म्हणजे पूर्ण दाबावर फील्डचा, म्हणजे रोटरचा, करंट चार अँपिअर. ५ अँपिअरचा ब्रेकर पुरतो.

बाहेरचा कटआउट फोर्डच्या जुन्या धाटणीचा घेतला, आय-ए-एस-एफ अशा चार टोकांचा. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) केबिनकडच्या बाजूला बसवला, जिथे आपण बसतो तिथल्याइतकंच तापमान. आता बसबारमधून ब्रेकर, ब्रेकरमधून स्विच, स्विचमधून कटआउट, कटआउटमधून रोटर. स्विच पाडला की रोटरचा पुरवठाच संपतो. मध्ये दुसरा रस्ता नाही.

स्विच आणि कटआउटच्या मधल्या वायरवर क्राउबार जोडला. काडेपेटीएवढी वस्तू. आत एक थायरिस्टर आणि व्होल्टेज बघणारं छोटं सर्किट. १६.२ व्होल्टच्या वर गेलं की थायरिस्टर ती वायर सरळ अर्थला शॉर्ट करतो, ५ अँपिअरचा ब्रेकर उडतो, फील्ड मरतं. शेजाऱ्याला हे पटायला वेळ लागला. आयुष्यभर शॉर्ट टाळला, आता मुद्दाम शॉर्ट करणारी डबी लावायची?

म्हणून टेबलावर करून दाखवलं. तीन अश्वशक्तीच्या मोटरवर अल्टरनेटर फिरवला, बाजूला जुनी बॅटरी. कटआउटच्या ए (पुरवठ्याच्या) आणि एफ (रोटरच्या) टोकांवर जाड वायरचा तुकडा टेकवला, म्हणजे शेजाऱ्याच्या विमानात जे झालं तेच हाताने घडवलं. व्होल्टेज १४ वरून सरकलं, पंधरा, साडेपंधरा, आणि ‘टक’. ब्रेकरचं बटण बाहेर. मोटर जोरात फिरतेय आणि अल्टरनेटर गप्प. शेजाऱ्याने तो तुकडा माझ्या हातातून घेतला आणि स्वतः पाच वेळा टक करून बघितलं.

आउटपुटच्या जाड वायरमध्ये फायरवॉलजवळ ६० अँपिअरचा फ्यूज पूर्वीपासून होता, तो ठेवला. तो अल्टरनेटरला लगाम घालायला नसतो. डायोड शॉर्ट झाले तर बॅटरी उलटी त्यात ओतली जाऊन वायर पेटू नये, यासाठी असतो.

पुली तीन इंची केली. प्रमाण सव्वातीन पट झालं, २४०० ला ७,८००. जमिनीवर इंजिन ९०० वर असताना २,९०० मिळतात, दिवे-रेडिओला पुष्कळ. मोठ्या पुलीवर पट्ट्याची मिठीही जास्त बसते, त्यामुळे काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, आत काळी भुकटी पडायची ती थांबली. किंमत एवढीच की पुली आणि काउलिंगच्या मधलं अंतर सहा मिलिमीटरवर आलं. मागच्या बाजूला बॅफलमधून (इंजिनाभोवती वारा वळवणाऱ्या पत्र्यातून) एक इंची नळी काढून डायोडवर थेट वारा दिला. पंखा उलटा फिरतो ते तसंच राहिलं.

मग सुई नाचायला लागली

विमानाला नियमाने लागत नव्हतं, तरी शेजाऱ्याने पहिले पाच तास विमानतळाच्या आसपासच घिरट्या घालायचं ठरवलं. दुसऱ्याच फेरीत अँमीटरची सुई नाचायला लागली. दहा अँपिअर पुढे, दहा मागे, सेकंदाला दोनदा. दिवे हलके धडधडत होते. तो म्हणाला, तुझा कटआउट खराब निघाला.

कटआउट चांगला होता. त्याला व्होल्टेज कळतं ते त्याच वायरमधून, जिच्यातून तो रोटरला करंट पुरवतो. या वायरच्या वाटेत ब्रेकर, स्विच, चार-पाच थिंबल. वाटेत कुठे रोध असेल तर फील्डचा करंट वाढला की तिथे व्होल्टेज पडतं. कटआउटला वाटतं बसबारच खाली गेला, म्हणून तो आणखी करंट देतो. बसबार वर जातो, मग तो हात आखडता घेतो, पडलेलं व्होल्टेज भरून येतं, त्याला वाटतं फारच वर गेलो. असा झोपाळा.

बसबार आणि कटआउटच्या ए टोकामध्ये मीटर लावला, फील्ड पूर्ण चालू ठेवून. ०.६ व्होल्ट. एकेक पायरी मोजत गेलो. अर्धा दोष ब्रेकरचा, तो जुन्या बाजारातून आलेला होता. उरलेला स्विचच्या एका थिंबलचा. पक्कड नीट बसली नव्हती, ओढल्यावर वायर हातात आली. दोन्ही बदलले, ०.१५ वर आलं. सुई चिकटवल्यासारखी उभी राहिली. हा दोष मान्यताप्राप्त विमानांतही जुने स्विच झाले की हमखास येतो, आणि तिथेही आधी कटआउटच बदलला जातो.

ब्रॅकेट

विजेच्या नादात लोखंडाकडे दुर्लक्ष झालं होतं, आणि ते आमच्या दोघांच्याही अंगाशी आलं असतं. तीस तासांनी काउलिंग काढली तेव्हा पट्टा ताणणाऱ्या पट्टीवर, बोल्टच्या खाचेच्या कोपऱ्यात केसासारखी रेघ दिसली. तड्यात शिरणारं लाल रंगाचं पेनिट्रंट लावून पुसलं, वर पांढरी भुकटी मारली. रेघ लाल होऊन वर आली. तडाच होता.

पाच लिटरहून मोठं, चारच सिलिंडरचं इंजिन. प्रत्येक ठोका घणासारखा. गाडीचं चार सिलिंडरचं इंजिन रबरावर बसून गुणगुणतं, त्याच्याशी याची तुलनाच नाही. पण तडा कंपनाने एकट्याने पाडला नव्हता. अल्टरनेटरचा मागचा कान आणि ब्रॅकेट यांच्यात मिलिमीटरभर फट होती आणि ती बोल्ट आवळून बंद केली होती. माझ्याच हाताने. म्हणजे पट्टी जन्मापासूनच वाकवून ताणलेली, त्यावर इंजिनाचे घण. फट असेल तिथे वॉशरचं शिम घालून ती आधी भरायची, मग बोल्ट आवळायचा. हे उद्यमनगरमधल्या पोराला सांगावं लागू नये.

नवी पट्टी शेजाऱ्याने ४१३० पोलादाची केली, खाचेचे कोपरे गोल घासून गुळगुळीत. बोल्टच्या डोक्यांना ०.८ मिलिमीटरची सेफ्टी वायर. पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबून बघायचा नाही, पुलीच्या नटवर टॉर्क पाना लावून पुली घसरते कधी ते बघायचं : नव्या ३/८ इंची पट्ट्याला ११ ते १३ फूट-पौंड, वापरलेल्याला ७ ते ९. पट्टा तुटला तर बदलायला प्रोपेलर काढावा लागतो, म्हणून एक जादा पट्टा रिंगच्या मागे आधीच ओवून, टायने इंजिनाला बांधून ठेवला आहे. ही युक्ती हँगरमधल्या म्हाताऱ्यांची.

अल्टरनेटर गेला तर?

या विमानात स्वतःच ठिणगी बनवणारे दोन मॅग्नेटो आहेत आणि कार्बोरेटर आहे, इंजिनाला बाहेरची वीज लागतच नाही. क्राउबार उडाला तर पडदे आणि रेडिओ किती वेळ चालतील एवढाच प्रश्न. गाडीचंच इंजिन, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि विजेचे इंधन पंप असते तर मी हे सगळं वेगळ्या पद्धतीने केलं असतं. तिथे दुसरा पुरवठा आणि दुसरी बॅटरी हवीच, कारण व्होल्टेज मेलं की प्रोपेलर मेला. इथे १७ अँपिअर-तासाची नवी बॅटरी टाकली, अनावश्यक गोष्टी बंद केल्या, उरलेला भार ६.५ अँपिअर. हँगरमध्ये खुर्ची टाकून बसलो आणि ११ व्होल्टपर्यंत उतरू दिली. एक तास पन्नास मिनिटं लागली. शेजाऱ्याने चेकलिस्टवर ‘एक तास’ लिहिलं. बॅटरी म्हातारी होते, थंडीत आळसते. त्याच कागदावर अल्टरनेटरच्या ओळीत एक बदल : लाल पट्टी आली तर आधी अल्टरनेटरचा स्विच, मास्टरला हात लावायचा नाही.

या वर्षीच्या वार्षिक तपासणीत अल्टरनेटर पुन्हा उघडला. कार्बन साडेदहा मिलिमीटरचे होते, ते साडेनऊ झाले. बेअरिंग बोटांनी फिरवली, खरखर नाही. डायोड प्लेटवर मी तापमान दाखवणारी चिकटपट्टी लावली होती, ती वाचली. ९३ अंशांपर्यंतचे चौकोन काळे, ९९ चा अजून पांढरा. शेजारी आता उलट्या दिशेच्या पंख्यासाठी भंगारवाल्यांकडे चौकशी करतोय.